मुलगा मिस्साला येत नाही

प्रश्न : आम्ही चारकोपचे कॅथलिक. माझा २४ वर्षांचा मुलगा हल्ली रविवारी मिस्साला येत नाही. त्याची श्रद्धा संपली का? – एक आई

उत्तर : ताई, गैरहजेरीवरून श्रद्धा मोजू नका. आठवडाभर लोकलच्या गर्दीत पिचलेल्याला रविवारी थकवा असतो, हे खरंच. पण बरेचदा मूळ कारण मनातल्या शंका असतात, ज्यांना घरात कुणी उत्तर दिलेलं नसतं. २०१८ साली व्हॅटिकनमध्ये बिशपांची सभा तरुणांच्या श्रद्धेवरच भरली. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस विविट’ हे पत्र लिहिलं. तरुणांचं ऐकून घ्या, असा त्याचा आग्रह आहे. ते पत्र तुम्ही दोघं मिळून वाचा. रविवारची मिस्सा कॅथलिकांना बंधनकारक आहे, हेही लपवू नका. शनिवार संध्याकाळची मिस्सा त्यासाठी चालते. टोमणे मारत असाल, तर ते मात्र आजच थांबवा आणि त्याला काय खटकतं, ते विचारा.