आईलाही एडीएचडी असेल तर?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असल्याचं निदान झालंय. डॉक्टर लक्षणं सांगत होत्या, तेव्हा मला वाटत होतं, या माझ्याबद्दलच बोलताहेत. त्याला काटेकोर वेळापत्रक लावा म्हणाल्या. पण माझाच गॅस चालू राहतो, फीची तारीख हुकते. मात्र कोळ्याचं जाळं बघत आम्ही दोघं तासभर बसतो. मी त्याला काय शिस्त लावणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघतो. मुलाचं निदान झाल्यावर आईचं किंवा वडिलांचं होणं हे डॉक्टरांना नवं नाही. त्यातून एडीएचडी असलेल्या मुली अनेकदा वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून त्यांचं निदान राहून जातं. ‘वेंधळी आहे’ म्हटलं की सगळे मोकळे!

मुलाला ठरलेला दिनक्रम हवाच. पण तो तुम्ही डोक्यात ठेवायचा, हा हट्ट कशाला? तो भिंतीवर जाऊ द्या. दाराजवळ मुलाच्या उंचीवर खुंटी, दप्तर तिथंच. शेजारी फळ्यावर सकाळची चारच कामं, चित्रांसकट. झालं की त्यानंच पुसायचं. गॅस पेटवला की टायमर लावायचा. फी आणि तारखा घरात ज्याला जमतात त्यानं बघाव्यात. नवऱ्याला जमत असतील तर त्याच्याकडे द्या, त्यात कमीपणा कसला?

आता ते कोळ्याचं जाळं. तुमच्याकडे लक्ष नाही असं नव्हे, ते हुकमी नाही. आवडीच्या गोष्टीवर मात्र ते घट्ट बसतं. मग आठचा पाढा कोळ्यांच्या पायांवरच होऊ द्या. पाच कोळी, पाय किती? हे दुसऱ्या कुणापेक्षा तुम्हाला छान जमेल. शिवाय गृहपाठाला बसवत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. तरीही एडीएचडीला ‘दैवी देणगी’ म्हणणं मला पटत नाही. अडचण खरी असते.

म्हणून स्वतःची तपासणी टाळू नका. आईची लक्षणं तीव्र असतील तर पालक-प्रशिक्षणाचा मुलाला होणारा फायदाही कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. एडीएचडीच्या निदानासाठी रक्ताची चाचणी नसते. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे मानसोपचारतज्ज्ञ विचारतात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर सोबत न्या. कुठं जायचं कळत नसेल, तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विचारा.