तिरकं पळताना वेग का वाढतो?

प्रश्न : मी अकरावीत आहे. लोणार सरोवरावर छोटा गेम गोडो इंजिनमध्ये बनवतोय. दोन बटणं एकदम दाबली की खेळाडू तिरका सुसाट पळतो. व्हेक्टरचं गणित मला झेपेल का?
— एक विद्यार्थी, मेहकर

उत्तर : झेपेल की! व्हेक्टर म्हणजे इथे दोनच आकडे : आडवं किती, उभं किती. तुमच्या भौतिकशास्त्रातला सदिश तो हाच. उजवीकडे 1 आणि खाली 1 (पडद्यावर वाय खालच्या दिशेने वाढतो, हे विसरू नकोस) मिळून लांबी पायथागोरसप्रमाणे सुमारे 1.41 होते. म्हणून गडी 41 टक्के जास्त वेगाने पळतो. दिशेला आधी ‘नॉर्मलाइज्ड’ लाव, ती (0.71, 0.71) होईल, लांबी 1. मग वेगाने गुण. जॉयस्टिक असेल तर मात्र लांबी 1 च्या वर जाऊ न देणारं ‘लिमिट लेंग्थ’ बरं, नाहीतर हलकंसं ढकललं तरी तो पूर्ण वेगाने धावेल.

शत्रू मागे लावायचाय? खेळाडूच्या जागेतून शत्रूची जागा वजा कर, म्हणजे दिशा मिळेल; तिलाही ‘नॉर्मलाइज्ड’ लाव. उलट केलंस तर बिचारा पळून जाईल! दोघे एकाच जागी आले की या दिशेची लांबी शून्य होते. गोडो तिथे सांभाळून घेतं. ‘नॉर्मलाइज्ड’ऐवजी लांबीने भागाकार स्वतः लिहिलास तर आधी लांबी शून्य नाही ना, ते तपास.