जुने सॅन अँड्रियास आणि नवे लॉस सँटोस

— तृतीय वर्ष कला

'जुने ते सोने' हे वाक्य माझा थोरला भाऊ ज्या वस्तूविषयी सर्वांत जास्त वेळा उच्चारतो, ती वस्तू नाटक नव्हे की गाणे नव्हे. ती आहे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा व्हिडिओ गेम. २००४ साली निघालेला हा खेळ तो शाळेत असताना घाटकोपरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळत असे. मी मात्र याच मालिकेतील २०१३ चा पाचवा भाग आधी खेळलो आणि जुना नंतर. तेव्हा बालपणाच्या आठवणींचा मोह माझ्या मतात नाही, एवढे आरंभीच सांगतो.

ज्या खेळात एकापुढे एक टप्पे पार न करता एखाद्या सबंध प्रदेशात मनास येईल तसे हिंडता येते, त्यास 'ओपन-वर्ल्ड' म्हणतात. (या मालिकेतील गुन्हेगारी आमच्या प्राध्यापकांना रुचणार नाही, मलाही ती सर्वस्वी रुचते असे नाही. येथे प्रश्न केवळ भूगोलाचा आहे.)

सॅन अँड्रियासचा नकाशा समुद्र धरून सुमारे सहा किलोमीटर बाजूचा चौरस आहे. म्हणजे वर्सोवा–घाटकोपर मेट्रोच्या ११.४ कि.मी. मार्गाच्या निम्म्याहून थोडा अधिक. एवढ्याशा जागेत तीन शहरे, एक वाळवंट आणि एक डोंगर! तरीही तो प्रदेश अफाट वाटतो. याचे एक कारण धुके. त्या काळच्या यंत्रांना दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, म्हणून ते धुक्यात बुडवलेले असे. २०२१ साली या खेळाची नवी आवृत्ती आली, तीत धुके विरले आणि चिलियाड डोंगरावरून दूरची शहरे अंगणात मांडलेल्या खेळण्यांसारखी दिसू लागली. खेळाडूंनी एवढी ओरड केली, की २०२४ मध्ये जुन्या धर्तीच्या प्रकाशयोजनेचा पर्याय द्यावा लागला.

दुसरे कारण अडसर. आरंभी पुढच्या शहरांकडे जाणारे पूल बंद असतात. पलीकडे पाऊल टाकले की पोलीस पाठीस लागतात. पाचव्या भागात जवळजवळ सारा प्रदेश सुरुवातीलाच मोकळा मिळतो. शिवाय तेथे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर रंगीत रेघ उमटते व मुक्कामापर्यंत नेऊन सोडते. जुन्या खेळात फक्त ठिपका. रस्ता आपण शोधायचा. भावाने वहीच्या पाठपानावर काढलेला नकाशा अजून आमच्या घरी आहे.

अर्थात जुन्यात सारेच गोड नव्हते. खेळ जतन करण्यासाठी नायकाच्या घरी परतावे लागे. मध्येच वीज गेली, तर तासाभराची मेहनत पाण्यात. पाचव्या भागात खेळ आपोआप जतन होतो. त्याचे लॉस सँटोस हे शहरही जुन्या लॉस सँटोसपेक्षा कितीतरी भरलेले आहे, हे भावालाही कबूल आहे.

मग उणीव कशाची? मला वाटते, दोष शहराचा नसून त्या रेघेचा आहे. घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. भाऊ त्याआधी बसने जाई. असल्फा, साकीनाका, मरोळ यांची वळणे त्याला पाठ आहेत. मला स्थानकांची नावे तेवढी पाठ आहेत. मेट्रो नको असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या रस्त्यावरची कोंडी ज्याने भोगली, तो तर नाहीच म्हणणार.

पण एक प्रयोग करून पाहिला. पाचव्या भागात तो कोपऱ्यातला नकाशा बंद करता येतो. तो बंद करून मी व्हाइनवुडच्या टेकड्यांवरून समुद्राकडे निघालो. रस्त्यांवरील पाट्या वाचत, दोनदा चुकून, एकदा उलट दिशेच्या मार्गात शिरून, चाळीस मिनिटांनी डेल पेरो धक्क्यावरचा मोठा पाळणा दिसला. त्या शहरात मी दोन वर्षे हिंडत होतो. वाटेत लागलेली निम्मी दुकाने मी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. भाऊ मागे उभा राहून पाहत होता, तो म्हणाला, "आता वही काढ."