घरच्या घरी कृष्णधवल छायाचित्र



रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, धरमतरच्या खाडीच्या मुखाशी, रेवस नावाचे लहानसे बंदर आहे. धक्क्यावर उभे राहिले की पलीकडच्या काठावर करंजा आणि द्रोणगिरीचा डोंगर दिसतो. ओहोटी लागली की काठाचा ओला, चकाकणारा चिखल उघडा पडतो. त्यामागे तिवरांची हिरवी भिंत. आता या खाडीवर रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. पूल झाला म्हणजे आजचे हे दृश्य पुन्हा जसेच्या तसे पाहायला मिळणार नाही. तेव्हा त्याचे एक कृष्णधवल छायाचित्र आपण घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापून ठेवू या.

समजा, तुम्ही मोबाइलवर छायाचित्र घेतले आहे. तिवरांच्या पुढे चिखलात टेकलेली एक लाल होडी त्यात छान उठून दिसते. तुम्ही रंग काढून टाकले, प्रिंटरची कळ दाबली आणि कागद बाहेर आला. पण होडी तिवरांत हरवली आहे! चिखलाचा नुसता काळा डाग झाला आहे आणि सगळ्या चित्रावर हिरवट झाक आहे. प्रिंटर बिघडला का? मुळीच नाही. या तीन दोषांची तीन वेगळी कारणे आहेत. ती एकेक करून शोधू या.

होडी कुठे गेली?

मोबाइलमधील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे ० ते २५५ या आकड्यांत नोंदलेले असते. रंगीत चित्र कृष्णधवल करताना या तीन आकड्यांतून एकच आकडा काढावा लागतो. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो. म्हणून नेहमीच्या रीतीत तांबड्याचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज करतात.

आता हिशेब करा. होडीच्या लाल रंगाचे आकडे २००, ६०, ४० आहेत असे धरू. बेरीज येते ६० + ३५.४ + ४.४, म्हणजे जवळजवळ १००. तिवरांच्या हिरव्या रंगाचे आकडे ६०, १३०, ५० धरू. बेरीज येते १८ + ७६.७ + ५.५, म्हणजे पुन्हा जवळजवळ १००! डोळ्याला अगदी वेगळे दिसणारे दोन रंग एकाच करड्या छटेत जाऊन बसले. होडी हरवली ती इथे, छपाईच्या आधीच.

उपाय सोपा आहे. चित्र सुधारण्याच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये कोणत्या रंगाचा वाटा किती घ्यायचा, हे आपल्याला ठरवता येते. फक्त तांबड्याचा आकडा घेतला तर होडी २०० आणि तिवरे ६० होतील. उजळ होडी गर्द तिवरांपुढे स्पष्ट दिसेल. फिल्मच्या काळात छायाचित्रकार भिंगापुढे तांबडी काच लावीत, ती याच कारणासाठी.

करडी शाई कोठे असते?

घरातल्या साध्या प्रिंटरमध्ये चार शाया असतात: आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. करडी शाई नसतेच. मग करडा रंग येतो कोठून?

प्रयोग १. वर्तमानपत्रातले एखादे कृष्णधवल छायाचित्र भिंगातून पाहा. करडा भाग दिसेनासा होईल आणि पांढऱ्या कागदावर काळे ठिपके दिसतील. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी लहान. या पद्धतीला हाफटोन म्हणतात. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्याआधी असे हाफटोन ठसे तयार करण्याच्या व्यवसायात होते.

इंकजेट प्रिंटरची युक्ती याच कुळातली आहे. त्याच्या बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. गडद जागी ठिपके दाट पडतात आणि उजळ जागी विरळ. एका थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर असते. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. चार पिकोलिटरच्या गोल थेंबाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर येतो.

हे ठिपके आपल्याला वेगळे का दिसत नाहीत? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचे अंतर वेगळे ओळखू शकतो. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर एवढा कोन म्हणजे सुमारे ०.०८७ मिलिमीटर. त्याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळून करडे दिसतात. म्हणजे करडा रंग कागदावर नसून आपल्या पाहण्यात असतो!

याच आकड्यावरून आणखी एक कोडे सुटते. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात. त्यांना ०.०८७ ने भागा. उत्तर सुमारे २९२ येते. छायाचित्रासाठी इंचाला ३०० ठिपके घ्या, असे सांगतात ते यामुळे. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद छायाचित्राला १८०० × १२०० ठिपके पुरतात.

चिखलाचा डाग का झाला?

टीपकागदावर शाईचा थेंब टाकला की तो पसरतो. छपाईच्या कागदावरही ठिपका थोडा पसरतोच. त्याचा व्यास एक पंचमांशाने वाढला तर क्षेत्रफळ १.२ × १.२, म्हणजे १.४४ पट होते. जिथे ४० टक्के कागद झाकायचा होता तिथे सुमारे ५८ टक्के झाकला जातो. गडद भागात तर ठिपक्यांमधली पांढरी जागा बुजून जाते. ओल्या चिखलावरच्या रेघा आणि पाण्याचे ओघळ याच गडद छटांत असतात. त्यामुळे आधी तेच नाहीसे होतात.

प्रयोग २. संगणकावर ० टक्के म्हणजे पांढऱ्यापासून १०० टक्के म्हणजे काळ्यापर्यंत, दहा-दहा टक्क्यांच्या फरकाने ११ चौकोनांची पट्टी करा. ज्या कागदावर छायाचित्र छापायचे त्याच कागदावर ती छापा. वाळल्यावर खिडकीच्या उजेडात पाहा. समजा, ९० आणि १०० हे चौकोन सारखेच काळे दिसले. याचा अर्थ तुमचा प्रिंटर आणि तुमचा कागद मिळून ९० टक्क्यांच्या पुढे काही दाखवू शकत नाहीत. मग छायाचित्रातला चिखल थोडा उजळ करून ९० टक्क्यांच्या आत आणा. महागड्या कागदाची पाच पाने वाया घालवण्यापेक्षा ही एक पट्टी अधिक शिकवते.

कागदाचा प्रकार प्रिंटरला सांगायला विसरू नका. त्यावरूनच तो किती शाई सोडायची ते ठरवतो. लेप असलेल्या बाजूवरच छपाई करा. ओलसर बोट कोपऱ्याला लावून पाहिले तर लेपाची बाजू किंचित चिकटते.

हिरवट झाक कोणी आणली?

करडी छटा साधण्यासाठी प्रिंटर आकाशी, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे ठिपकेही मिसळतो. त्यांचा तोल जरासा ढळला की हिरवट किंवा जांभळट झाक येते. ट्यूबलाइटखाली ती एक दिसते आणि उन्हात दुसरीच. प्रिंटरच्या मांडणीत ‘ग्रेस्केल’ किंवा फक्त काळी शाई वापरण्याची सोय असेल तर ती निवडा. झाक जाईल, मात्र उजळ भागात विरळ काळे ठिपके थोडे खरबरीत दिसतील. दोन्ही तऱ्हेने छापून तुम्हीच ठरवा.

अनेक घरगुती प्रिंटर चकचकीत कागदावर काळी शाई वापरतच नाहीत. तीन रंगांतूनच काळा बनवतात. म्हणून सुरुवात मॅट फोटो पेपरवर करणे बरे.

टिकवायचे कसे?

शाई दोन प्रकारची असते. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो. दुसरीत रंगद्रव्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. पहिली दमट हवेत पसरते आणि उजेडात लवकर फिकटते. दुसरी पुष्कळ जास्त टिकते. रेवससारख्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. छापलेला कागद दिवसभर वाळू द्या. मग काचेच्या चौकटीत, थेट ऊन पडणार नाही अशा जागी लावा. कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद ठेवा. छिद्रांत शाई वाळून बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा तरी एखादे पान छापा.

शेवटी एक काम राहिले. छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे होता, ते लिहा. पूल उभा राहिल्यावर तुमचा धाकटा भाऊ तोच कागद हातात घेऊन त्याच जागी उभा राहील. खाडीचे काय बदलले, हे त्याला तुमच्या चिखलातल्या रेघांवरून समजेल.

करून पाहा

१. छायाचित्र भिंतीवर लावून ६० सेंटिमीटरवरून पाहायचे असेल, तर इंचाला किती ठिपके पुरतील?

२. एका निळ्या होडीचे आकडे ५०, ११०, १८० आहेत. नेहमीच्या रीतीने तिची छटा किती येते? तिवरांपासून तिला वेगळी काढायला कोणत्या रंगाचा वाटा वाढवाल?