स्वस्ताई, महागाई आणि गरिबी : तीन मापांचा पाठ

आपल्या खेड्यांत चार वडील माणसें पारावर बसलीं म्हणजे एक बोलणें हटकून निघतें. 'पूर्वीं रुपयाला पायलीच्या पायली जोंधळा मिळे. आतां शंभराची नोट मोडली तरी पिशवीचा तळ झांकत नाहीं.' हें बोलणें खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. त्यावरून तरुणांची अशी समजूत होते कीं, पूर्वीं सर्वत्र सुकाळ होता आणि दारिद्र्य काय तें आतांच आलें. उलट कित्येक शिकलेले लोक म्हणतात कीं, घरोघर मोबाईल व दारोदार मोटारसायकल असतां गरिबीची तक्रार कशाला? हीं दोन्ही मतें एकांगी आहेत. तीं तपासण्यास आम्ही या पाठांत तीन मापें वाचकांच्या हातीं देत आहों.

पहिलें माप : दिवसाची मजुरी

वस्तूची किंमत कधींही एकटी पाहूं नये. रुपयाला किती धान्य येई, हें विचारणाऱ्यानें तो रुपया मिळविण्यास किती राबावें लागे, हेंही विचारलें पाहिजे. दादाभाई नौरोजी यांनीं १८७६ सालीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांच्या हिशेबाप्रमाणें इंग्रजी अमलांत दर माणशीं वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये होतें. सोळा आण्यांच्या रुपयानें पाहिलें तर हें दिवसाला एक आणाही भरत नाहीं. अनेक प्रांतांत तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चदेखील माणशीं उत्पन्नाहून अधिक होता, असें त्यांनीं दाखविलें. म्हणजे धान्य स्वस्त होतें, पण कष्टकऱ्याच्या कमरेला पैसाच नव्हता. ज्याला विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्याला स्वस्ताईचा काय उपयोग?

आतांची गोष्ट पाहूं. सरकारी पाहणीप्रमाणें १९९९-२००० सालीं ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपये खर्चांतील सुमारें ५९ रुपये अन्नावर जात. २०२२-२३ सालीं सुमारें ४६ जात होते. याचा अर्थ असा कीं, पोटासाठीं लागणारा भाग कमी झाला आहे. मात्र उरलेला पैसा गांठीस राहतो असें नव्हे. दवाखाना, शाळा, प्रवास, वीज, मोबाईल अशा नव्या वाटांनीं तो निघून जातो. म्हणून आजच्या घराची ओढाताण निराळी आहे. ती केवळ धान्याच्या भावावरून कळावयाची नाहीं.

दुसरें माप : वाईट वर्ष

घर किती भक्कम आहे हें वादळांत कळतें. त्याचप्रमाणें गरिबाची खरी स्थिति वाईट वर्षांत कळते. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां आपल्याकडील कापसाला भारी भाव आला आणि सावकारांनीं शेतकऱ्यांस सढळ हातानें कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळला, पण कर्ज तसेंच राहिलें. शेवटीं १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता; ते कागद त्यांनीं जाळले. मग १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस सावकारी जाचांतून सोडविण्याचा कायदा झाला.

दंग्याच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खन व दक्षिण हिंदुस्थान मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं. सरकारी कामावर पुरुषाची मजुरी पौंडभर, म्हणजे सुमारें साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत व वर एक आणा इतकी उतरविण्यांत आली, तेव्हां हजारों मजूर कामें सोडून गेले आणि पुणें सार्वजनिक सभेनें सरकारकडे दाद मागितली. पुढें १८८० च्या दुष्काळ चौकशी मंडळानेंही कबूल केलें कीं, खरी टंचाई धान्याची नसून कामाची व त्यामुळें पैशाची होती.

याच्या शेजारीं १९७२ चा दुष्काळ ठेवा. त्याची आठवण सांगणारे अजून गांवोगांव आहेत. परदेशांतून मिलो आला, कामावर सुकडी वाटली गेली, आणि १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. हाल फार झाले, परंतु १८७७ सारखा संहार झाला नाहीं. त्यांतूनच रोजगार हमीचा कायदा निघाला. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबास दर माणशीं महिन्यास पांच किलो धान्य मिळतें, व २०२३ पासून तें मोफत आहे. १९५१ च्या सुमारास या देशांत जन्मलेल्या मुलाचें सरासरी आयुष्यमान ३२ वर्षांच्या आसपास होतें. आतां तें सुमारें ७० आहे. तेव्हां 'पूर्वींचें तेंच बरें' असें म्हणणाऱ्यानें पूर्वींच्या पाळण्यांची व तिरड्यांचीही मोजदाद करावी.

तिसरें माप : वरच्या व खालच्या पायरीतील अंतर

पहिल्या दोन मापांनीं आजचा काळ बरा ठरतो. तिसऱ्यानें मात्र मान खालीं घालावी लागते. शंभर घरांचें गांव व शंभर एकर जमीन अशी कल्पना करा. अर्थशास्त्रज्ञांनीं २०२२-२३ सालासाठीं भारतांतील संपत्तीचा जो अंदाज केला आहे, त्याप्रमाणें वांटणी केली तर एकट्या एका घराकडे ४० एकर जातात, आणि तळच्या पन्नास घरांच्या वांट्यास मिळून साडेसहा एकरही पुरते येत नाहींत.

उत्पन्नाचेंही तसेंच आहे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वरच्या शेंकडा एक लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा सुमारें पांचवा हिस्सा जाई. १९८० च्या सुमारास तो शेंकडा सहापर्यंत उतरला. २०२२-२३ सालीं तो पुन्हा शेंकडा बाविसांवर गेला. यावरून एक मोठा बोध होतो. हें अंतर कोणाच्या कपाळीं लिहिलेलें नाहीं. तें एकदां कमी झालें आहे आणि पुन्हा वाढलेंही आहे. अर्थात् माणसांचे कायदे, कर व धोरणें यांचा त्यांत हात आहे.

आपण काय करावें?

सावकाराचें खत गेलें तरी हप्त्यांची वही आली आहे. २०१८-१९ च्या सरकारी पाहणींत देशांतील निम्म्या शेतकरी कुटुंबांवर कर्ज आढळलें, आणि त्याची सरासरी दर कुटुंबास ७४ हजार रुपयांवर होती. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं व्याज किती, हप्ते किती, आणि एकंदर परत किती द्यावयाचें, हीं तीन उत्तरें लिहून घ्यावीं. घरांत खर्चाची वही ठेवावी व ती बायकोमुलांसमक्ष वाचावी. लग्नकार्यांत भाऊबंदांच्या बरोबरीसाठीं ऋण काढूं नये. रेशनचा हक्क भीक समजून सोडूं नये, आणि शेजाऱ्याचें नांव यादींतून सुटलें असेल तर त्याच्याबरोबर तहसील कचेरींत जावें.

उपदेशक बंधूंनीं पुढील प्रश्न गांवच्या बैठकीत विचारावे :

१. आपल्या आजोबांस एका दिवसाच्या मजुरींत किती धान्य मिळे, आणि आज आपणांस किती मिळतें?

२. उद्यां पाऊस चुकला किंवा कर्तें माणूस आजारी पडलें, तर आपलें घर कर्जावांचून किती महिने चालेल?

३. आपल्या गांवांत सर्वांत वरचें व सर्वांत खालचें घर यांतील अंतर गेल्या वीस वर्षांत वाढलें कीं कमी झालें, आणि कशानें?

उत्तरें फळ्यावर लिहावीं. तीं समोर मांडलीं म्हणजे गेलेल्या दिवसांसाठीं उसासे टाकण्याचें कारण उरणार नाहीं, आणि आजच्या दिवसांवर संतुष्ट होऊन स्वस्थ बसण्याचेंही उरणार नाहीं.