स्फिंक्सच्या पानावर सूत्र उमटवताना

द्विघाती समीकरणाची मुळं काढणारं पायथन फंक्शन तुम्ही लिहिलंय आणि त्याच्या डॉकस्ट्रिंगमधलं सूत्र स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनाच्या पानावर नीट उमटायला हवंय, असं धरू. सूत्राची भाषा लाटेकचीच. ते लिहिणं फारसं अवघड नाही. न मोडता पानापर्यंत पोचवणं हेच खरं काम.

म्हणून सर्वांत आधी, डॉकस्ट्रिंग उघडणाऱ्या तीन अवतरणचिन्हांना चिकटून रोमन लिपीतला 'आर' टाका. लाटेकची प्रत्येक आज्ञा बॅकस्लॅशने सुरू होते आणि हा 'आर' नसेल तर पायथन त्या बॅकस्लॅशचा स्वतःचा अर्थ लावतो. 'थीटा'मधला टी गिळून टॅब होतो, 'न्यू'मधला एन गिळून नवी ओळ, अपूर्णांकाच्या 'फ्रॅक'मधला एफ गिळून फॉर्मफीड. पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

वाक्यातलं छोटं सूत्र लिहायला कोलन, मॅथ, कोलन आणि लगेच बॅकटिकांमध्ये सूत्र. मध्ये जागा सोडू नका. मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. बंद बॅकटिकनंतर जागा किंवा विरामचिन्ह लागतं आणि आपल्याला तर 'ची', 'ला', 'ने' जोडून हवेत. अशा वेळी बॅकटिकनंतर बॅकस्लॅश, मग एक जागा आणि मग प्रत्यय लिहा. छापताना बॅकस्लॅश आणि जागा दोन्ही गायब होतात.

मोठ्या सूत्रासाठी दोन टिंबं, एक जागा, मॅथ आणि दोन कोलन अशी ओळ. लेबल द्यायचं तर तिच्या लगेच खाली, आत सरकवून. म्हणजे समीकरणाला क्रमांक मिळतो आणि 'ईक्यू' वापरून त्याचा उल्लेख करता येतो. मग एक रिकामी ओळ, आणि तितकंच आत सरकवून सूत्र. दोन-तीन पायऱ्या दाखवायच्या असतील तर बरोबरच्या चिन्हाआधी & आणि ओळ तोडायला \\. मध्ये रिकामी ओळ सोडलीत तर स्फिंक्स तिथून वेगळं समीकरण धरतं.

एचटीएमएलसाठी स्फिंक्सच्या १.८ आवृत्तीपासून ब्राउझरमध्ये सूत्रं दाखवणारं मॅथजॅक्स आपोआप जोडलेलं असतं, पण ते इंटरनेटवरून येतं. नेट नसलेल्या जागी पान उघडलं तर नुसते बॅकस्लॅश दिसतील. तसं होऊ नये म्हणून मॅथजॅक्सची प्रत प्रकल्पात ठेवून कॉन्फिग फाइलमध्ये तिचा पत्ता द्या.

पीडीएफही तयार करून बघाच. चुकलेली आज्ञा मॅथजॅक्स लाल अक्षरांत दाखवून पुढे जातं; लाटेक एरर देतं. सूत्रात देवनागरी शब्द असतील तर इंजिन झीलाटेक निवडा आणि देवनागरी फाँट नेमून द्या.