घरच्या धान्याची बेगमी व साठवण

कोरडवाहू भागातील दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याच्या घरी अवर्षण नसलेल्या वर्षीही आषाढ-श्रावणात धान्याची ओढ लागते. सुगीत हात अडचणीत असल्यामुळे तो माल मिळेल त्या भावाने विकतो आणि पावसाळ्यात तेच धान्य चढ्या भावाने दुकानातून आणतो. घरी जे ठेवलेले असते त्यात किडीचा व उंदरांचा वाटा निघतो. म्हणून विक्रीपूर्वी घरच्या गरजेचा हिशेब मांडणे, हे पहिले काम होय.

पाच माणसांच्या घरात माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरल्यास महिन्यास ६० किलो लागते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो, म्हणजे या घरास २५ किलो धान्य मिळते. उरलेले ३५ किलो, वर्षाचे सुमारे सव्वाचार क्विंटल, घरच्या ज्वारी-बाजरीतून राखावे लागेल. डाळ माणशी ५० ग्रॅम धरली तर वर्षास ९० किलो होते. त्यासाठी तूर सव्वा क्विंटलाहून अधिक ठेवावी, कारण घरच्या जात्यावर शेकडा ७० च्या आसपासच डाळ पडते. हा हिशेब गृहिणीला विचारून करावा. घरात किती लागते हे तिच्याइतके धन्यास ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे.

साठवणुकीत सर्वांत मोठा शत्रू ओल. ज्वारी, गहू यांत ओलावा शेकडा १२ हून अधिक नसावा. कडधान्ये त्याहूनही कोरडी असावीत. दाणा दाताखाली धरून चावावा. वाळलेला असेल तर कट् आवाज होऊन फुटतो, ओला असेल तर दबतो. दुसरी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य व थोडे कोरडे मीठ घालून चांगले हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर धान्य अजून उन्हात घालावे. उन्हातून काढलेले धान्य गार झाल्यावरच भरावे. ओले वा गरम धान्य पत्र्याच्या कोठीत भरल्यास आत पाणी धरते व बुरशी येते. मग कोठीचा दोष काढण्यात अर्थ नाही.

तुरीवरील भुंगेरा घरात येतो तो पुष्कळदा शेतातूनच. मादी पिकत्या शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि साठवणीत गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. उबदार हवेत सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून पाढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी दिसण्याची वाट न पाहता तूर लवकर भरडून डाळ करावी. डाळीस हा भुंगा सहसा लागत नाही. अख्खी तूर, मूग, चवळी खाण्यासाठी ठेवायची असल्यास किलोस ५ ते १० मिलिलिटर गोडे तेल चोळावे. त्याने अंडी फळत नाहीत.

कणगी शेणमातीने सारवून, भेगा बुजवून मगच भरावी. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुचकळून वाळवावीत व फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. नवे धान्य जुन्यात मिसळू नये. महिन्याचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे, म्हणजे मोठी कोठी रोज उघडावी लागत नाही.

पेवात धान्य टिकते, कारण दाणे व कीड आतील प्राणवायू संपवितात. हल्लीच्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्वही हेच. परंतु याच कारणाने पेव उघडल्यावर कोणीही लगेच आत उतरू नये. कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर आत मरणच आहे, आणि न विझला तरी पुरता भरवसा नाही. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही जातो, हे गावकऱ्यांच्या मनावर ठसवावे.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांचा वायू प्राणघातक आहे आणि त्यांची विक्री सरकारी संस्था व परवानाधारक धूरीकरण करणाऱ्यांपुरतीच मर्यादित आहे. तरीही त्या खेड्यात हातोहात मिळतात. कार्यकर्त्यांनी याकडे कानाडोळा करू नये.

गरजेपुरते राखून उरलेला माल सुगीतच विकावा लागतो, तो पैशाच्या निकडीमुळे. यासाठी राज्य कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना ठेविली आहे. तूर, सोयाबीन अशा मालावर, तो बाजार समितीच्या गोदामात ठेवून, किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी सालीना ६ टक्के व्याजाने मिळते. थोड्या पोत्यांच्या शेतकऱ्यास एकट्याने गाडीभाडे परवडत नाही. चार-पाच जणांचा माल एका गाडीत नेण्याची व्यवस्था कार्यकर्त्याने जुळवून द्यावी. आपली समिती ही योजना चालविते की नाही, याची चौकशी सुगीपूर्वीच करावी.

बियाणे वेगळ्या भांड्यात, चिठ्ठी लावून ठेवावे. औषध चोळलेले बी धुतले तरी खाण्यायोग्य होत नाही. ते मुलांच्या हाती व कोंबड्यांपुढे पडणार नाही अशा उंच जागी ठेवावे.